भातलावणीआधी पाय तपासून घेण्याच्या कामाच्या नोंदी

मालवण ते देवगड या पट्ट्यातल्या चार वाड्या, मधुमेह असलेली ६२ माणसे. काम असे ठरले: पाऊस लागायच्या आत सगळ्यांचे पाय तपासायचे, ज्यांची संवेदना गेली आहे त्यांना नीट चपला करून द्यायच्या आणि पावसाळाभर पाठपुरावा ठेवायचा. मधुमेहाने पाय जातो तो बहुतेक वेळा एका न कळलेल्या जखमेपासून, आणि कोकणात अशा जखमेला जूनपासून चिखलाची साथ मिळते. दुसऱ्या गावात कोणी हे करायला घेणार असेल तर आमचे वाया गेलेले दिवस त्यांचे वाचावेत म्हणून नोंदी तपशिलाने ठेवल्या आहेत.

४ एप्रिल

सामान जमवले. १० ग्रॅमचे मोनोफिलामेंट (१० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू, संवेदना तपासायला) ३, ट्यूनिंग फोर्क (वाजवला की थरथरणारा धातूचा चिमटा) १, कपाळावर धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर (कोविडच्या वेळचा पडून होता), १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा, हातातला आरसा, कार्डे. सगळे मिळून साधारण २,४०० रुपये, त्यात निम्मा खर्च तंतूंचा.

पहिली चूक इथेच. फोर्क मागवताना वारंवारता लिहिली नाही, आला तो ५१२ हर्ट्झचा. तो कानाच्या तपासणीचा. पायाला १२८ हर्ट्झचाच लागतो. बदलून यायला ९ दिवस गेले.

थर्मामीटर वापरणार असाल तर तो ‘बॉडी’वर न ठेवता ‘सरफेस’वर ठेवा. बॉडीवर यंत्र कपाळाच्या हिशेबाने आकडा वाढवून दाखवते, तळव्याला तो उपयोगाचा नाही.

११ एप्रिल

पहिली वाडी. दिवसभरात ८ जणच झाले, प्रत्येकाला २५ मिनिटे लागली. वेळ तपासणीत गेला नाही, प्रश्नांत गेला.

“पाय बधिर झालेत का?” असे विचारले की उत्तर “नाय” येते. बधिर म्हणजे लुळा, असा अर्थ घेतला जातो. ज्यांना खरोखर काही जाणवत नाही त्यांना दुखतही नाही, त्यामुळे त्यांच्या लेखी पाय उत्तम असतो. दुपारी प्रश्न बदलला: “काकी, चालताना चप्पल पायातून सुटली तर लगेच कळतां?” दोघींनी सांगितले की दहा पावले पुढे गेल्यावर कोणीतरी मागून हाक मारते तेव्हा कळते. “पायाखाली कापूस असल्यासारखे वाटते का?” हाही प्रश्न चालला. मुंग्या आणि जळजळ विचारायचीच, पण त्यावर थांबायचे नाही. जळजळ थांबली म्हणजे बरे झाले असे नसते, पुष्कळदा ती नस पूर्ण गेल्याची खूण असते.

तपासणीची पद्धत लिहून ठेवतो, कारण पहिल्या आठ जणांत आम्हीच ती चुकवली.

तंतू आधी हाताच्या मागच्या बाजूला लावून दाखवायचा, म्हणजे काय जाणवायला हवे ते माणसाला कळते. मग डोळे मिटायला सांगायचे. प्रत्येक पायावर तीन जागा: अंगठ्याचा गर, अंगठ्यामागचा चवडा, करंगळीमागचा चवडा. तंतू कातडीला काटकोनात टेकवायचा, धनुष्यासारखा वाकेपर्यंत दाबायचा आणि उचलायचा. लावल्यापासून उचलेपर्यंत दोन सेकंद. घासायचा नाही, टोचत राहायचे नाही. एका जागी दोनदा खरा लावायचा आणि एकदा न लावताच विचारायचे. “लागले का?” आणि “कुठल्या पायाला?” असे दोन्ही विचारायचे. तीनपैकी दोन उत्तरे बरोबर आली तर ती जागा ठीक, दोन चुकली तर संवेदना गेली असे धरायचे.

आम्ही सुरुवातीला न लावताच विचारणे गाळत होतो आणि एका लयीत जागा घेत होतो. आजोबा ताल धरून “हां, हां” म्हणत गेले. मध्ये फसवी खेप घातली तर तीही “हां”. त्या आठांना पुन्हा बोलवावे लागले.

१३ एप्रिल

आयुष्यभर अनवाणी चाललेल्या पायाचा तळवा जाड असतो. घट्ट्यावर तंतू लावला तर चांगली नसही ‘गेलेली’ दिसते. घट्टा, कुरूप, व्रण टाळून त्याच्या कडेला लावायचा. शंका असेल तिथे फोर्कवर भिस्त ठेवायची (नवा आजच आला): अंगठ्याच्या वरच्या बाजूला, नखाच्या मागच्या हाडावर धरायचा आणि थरथर थांबली की सांगायला लावायचे. इथेही एकदा न वाजवता धरायचा.

घट्ट्याखाली काळपट-लाल ठिपका दिसला तर तो घट्टा नव्हे. आत रक्त साकळले आहे, जखम खालून तयार होते आहे. असे दोन पाय सापडले, दोघेही चालत आले होते. दोघांना त्याच दिवशी पुढे पाठवले. घट्टा खरवडणे शिकलेल्या माणसाने करायचे काम आहे. घरी दाढीच्या ब्लेडने घट्टा काढण्याची सवय इथे बऱ्याच घरांत आहे. ती मोडायला प्रत्येक घरी ब्लेड प्रत्यक्ष मागून घेतले, नुसते सांगून उपयोग झाला नाही.

२० एप्रिल

चारही वाड्या झाल्या. आता एका माणसाला १२ मिनिटे.

नाडी दोन ठिकाणी बघायची: पावलाच्या वर मधोमध, आणि आतल्या घोट्याच्या मागे. पावलावरची नाडी काही निरोगी माणसांतही लागत नाही, म्हणून एकच बघून निष्कर्ष काढायचा नाही. दोन्ही लागल्या नाहीत तर घोटा-दंड रक्तदाबाच्या गुणोत्तरासाठी पाठवायचे. तिथे आकडा चांगला आला तरी निर्धास्त होता येत नाही, कारण मधुमेहात धमनी चुना धरून कडक होते आणि आकडा फुगतो.

कार्डावर चार गट केले. संवेदना आणि रक्तपुरवठा दोन्ही ठीक: वर्षातून एकदा. दोन्हीपैकी एक गेलेले: सहा महिन्यांनी ते वर्षाने. दोन्ही गेलेले, किंवा एक गेलेले आणि बोटे वाकडी अथवा हाड वर आलेले: तीन ते सहा महिन्यांनी. एक गेलेले आणि पूर्वी जखम, बोट काढलेले किंवा मूत्रपिंड निकामी झालेले: एक ते तीन महिन्यांनी. शेवटच्या गटाच्या कार्डाला लाल दोरा बांधला. रंगाच्या पेनाने खूण केली होती ती घामाने पुसली गेली.

२ मे

चपलांची पहिली खेप. १४ जोड, जोडाला ५५० रुपये. यातले ११ वाया गेले.

तळाला एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांचे मऊ रबर. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर काम करून दाखवले की बोटे रोगाने झडत नाहीत, न कळलेल्या इजांनी जातात. कुष्ठरोगाच्या कामात भारतभर हेच रबर चपलांना वापरले गेले आहे, आणि मधुमेहाचा बधिर पाय याबाबतीत वेगळा नाही. रबर घेताना १५ शोअर कठीणपणाचे मागायचे. दुकानदाराला आकडा कळला नाही तर चिमटीत दाबून बघायचे: निम्म्या जाडीपर्यंत दबले पाहिजे आणि सोडताच परत फुगले पाहिजे. दबून तसेच राहिले तर तो साधा स्पंज.

काय चुकले:

अंगठ्यात घालायची पद्धत ठेवली होती, कारण लोकांना तीच सवयीची. बधिर पायाला ती धरून ठेवता येत नाही, बोटे आकडा घालतात आणि अंगठ्याशेजारची पट्टी बोटांच्या बेचक्यात कापते. पट्ट्यांना खालून खिळे मारले होते. मऊ रबर दबल्यावर खिळ्याचे डोके वर येते, आणि ज्याला ते टोचायला हवे त्यालाच ते टोचत नाही. एका जोडात हे आमच्या हातांनीच सापडले, पाय घालण्याआधी. तिसरे, माप बसून घेतले होते. उभे राहिल्यावर पाय लांब-रुंद होतो.

१४ मे

दुसरी खेप. माप संध्याकाळी, उभे करून, दोन्ही पायांचे वेगळे. पेन्सिल कागदाला सरळ उभी धरायची, आत कलली तर माप अरुंद येते. सर्वात लांब बोटापुढे १ सेंटिमीटर मोकळे. पुढे दोन रुंद पट्टे आणि टाचेमागे एक, तिन्ही वेल्क्रोचे, आतून मऊ अस्तर. खिळा एकही नाही. पट्टा तळाच्या दोन थरांत घालून चिकटवायचा आणि कडेने शिवायचा. खाली कडक रबराचा थर हवाच, नाहीतर जांभ्याची कच आणि बाभळीचा काटा आरपार येतो.

चामडे वापरू नये. आमच्या कारागिरांचा आग्रह चामड्याचा होता, पण पावसात चार दिवसांत त्यावर बुरशी धरते आणि वाळल्यावर ते लाकडासारखे होते. नायलॉनचा पट्टा घेतला. जोड ६८० रुपये पडला.

नवी चप्पल पहिल्या दिवशी अर्धा तासच. काढल्यावर लाली बघायची. वीस मिनिटांत गेली नाही तर तो पट्टा सैल करून परत आणायची.

वापरात खरी अडचण वेगळीच आली. चप्पल खळ्यातच राहते. घरात, पडवीत, देवघरापाशी सगळे अनवाणी, आणि दिवसाचा मोठा भाग तर घरातच जातो. विळीखाली पडलेला काटा, चुलीपुढचा निखारा, शिंगाळ्या माशाचा काटा, सगळे घरातलेच. म्हणून लाल दोऱ्याच्या कार्डांना दुसरा जोड दिला: वेगळ्या रंगाचा, चामड्याचा स्पर्श नसलेला, बाहेर कधीच न नेलेला. तो स्वयंपाकघरात घालायला आज्यांची हरकत राहिली नाही. दोन्ही जोड एकदम द्यायला हवे होते, आम्ही १२ दिवस उशीर केला. देवळासाठी जाड सुती मोजे, आणि दर्शन सकाळी. मे महिन्यात दुपारी कातळ आणि देवळाची फरशी दोन्ही भाजतात. एप्रिलमध्ये तळव्यावर फोड घेऊन आलेल्या तिघांपैकी एकालाही तो कधी आला ते सांगता आले नव्हते.

२८ मे

टाचांच्या भेगा. इथला उपाय मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे तूप. वस्तू उत्तम आहे, ती बंद करायला सांगू नये. धोका लावण्याच्या रीतीत आहे. मुठेलाचा गोळा दिव्यावर वितळवून गरम गरम भेगेत सोडतात, बधिर टाचेला त्याने भाजते आणि कळत नाही. ते जेमतेम ४० अंशांना वितळते, तळहातावर चोळूनही मऊ होते. तसेच लावा, बोटांच्या बेचक्यात मात्र नको.

बिब्बा आणि काजूच्या टरफलाचे तेल हे मात्र पूर्ण बंद. दोन्ही कातडी जाळतात. शेकायचे पाणी पायाने तपासायचे नाही, कोपराने किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाने. शेक न घेतलेला सर्वात बरा.

९ जून

मृग लागला. चिखलात घालायची चप्पल आम्हाला करता आली नाही, हे स्पष्ट लिहितो. गमबूट तीन जणांवर वापरून बघितले. चिखल बूट ओढून धरतो, आत पाणी जाते, आणि ओला बूट चार तासांत टाच सोलतो. एकाची सोललीच. बूट बंद केले.

चालले ते कामाची अदलाबदल. लाल दोऱ्याच्या माणसाने लावणीला चिखलात उतरायचे नाही. बांधावर बसून तरव्याच्या (भातरोपांच्या) मुठी बांधायच्या, भाकरी-पाणी, गुरे, पोरे सांभाळायची. हे त्या माणसाला सांगून होत नाही, कारण घरात हात कमी असतात. घरातल्या कर्त्याशी आणि शेजारच्या घराशी बोलावे लागते, आणि लावणीच्या आधी. आम्ही ९ तारखेला सुरू केले. मेच्या शेवटी करायला हवे होते, तेव्हा माणसांच्या वाटण्या ठरत असतात.

साखर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणारे नुसता चहा पिऊन शेतात जातात आणि दहा वाजता घाम, थरथर सुरू होते. कमरेला साखरेची पुडी, तीन चहाचे चमचे. शेंगदाण्याचा लाडू अशा वेळी लवकर चढत नाही.

२१ जून

चिखल्या. चिखलात न उतरलेल्यांनाही झाल्या, कारण पाय ओलेच राहतात. शेवटच्या दोन बोटांच्या बेचक्यात बघा, तिथेच सुरुवात होते. पांढरी, भिजलेली कातडी, मग चीर. त्या चिरेतून जंतू शिरले की पाय दोन दिवसांत घोट्यापर्यंत लाल होतो.

पावडर दिली ती चूक. ओल्या बेचक्यात तिचा लगदा होतो. नंतर असे केले: पाय धुऊन सुती फडक्याने प्रत्येक बेचके टिपायचे, घासायचे नाही. क्लोट्रिमाझोल मलम दिवसातून दोनदा, बरे दिसल्यावरही दोन आठवडे. रात्री बेचक्यात सुती चिंधीची घडी. फडके रोज चुलीवरच्या दोरीवर वाळवायचे, पडवीत ते वाळतच नाही.

५ जुलै

दुसऱ्या फेरीत अचानक संवेदना गेलेल्यांची संख्या वाढली. एप्रिलमध्ये ठीक असलेले पाचजण एकदम ‘गेलेले’. एवढ्या वेगाने नसा जात नाहीत. तंतू वजनकाट्यावर दाबून बघितला, वाकताना १० ऐवजी ७ ग्रॅम. नायलॉन दमट हवेत पाणी धरून मऊ पडते. मऊ तंतू कमी दाबतो, आणि चांगला पायही नापास होतो. शिवाय आम्ही एकाच तंतूने एका दिवसात १५ पेक्षा जास्त जण बघत होतो.

तेव्हापासून तंतू सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात. १० जण झाले की तो तंतू २४ तास बाजूला. ७० ते ९० जणांनंतर टाकून द्यायचा. दर सकाळी काट्यावर तीनदा दाबून आकडा वहीत. पाचही जणांची फेरतपासणी कोऱ्या तंतूने केली, चौघे ठीक निघाले. चार घरांना तीन दिवस उगाच धास्ती लागली, ती आमच्या काटा न वापरण्यामुळे. काटा पहिल्या दिवसापासून सामानात होता.

१९ जुलै

लावणीत कंबर धरते म्हणून दुकानातून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. मधुमेहात मूत्रपिंडावर हे दुहेरी ओझे. घरोघर गोळ्यांची पाकिटे बघितली आणि डॉक्टरांना विचारून पर्याय घ्यायला सांगितले.

लघवीच्या साध्या पट्टीवर ‘प्रोटीन नाही’ आले की लोक समाधानी होतात. ती पट्टी सुरुवातीची गळती पकडत नाही. वर्षातून एकदा अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर करायचे, ३० च्या वर आले तर पुन्हा करून खात्री करायची. डोळ्याच्या पडद्याची तपासणीही वर्षाला, दिसायला त्रास नसला तरी. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास गाडी चालवता येत नाही, म्हणून सोबत माणूस न्यायला सांगा. नाहीतर लोक तपासणीच टाळतात. या दोन तारखा पायाच्याच कार्डामागे लिहायला लागलो.

८ ऑगस्ट

एक पाऊल सुजलेले, लाल, गरम, पण जखम नाही आणि दुखणेही जवळजवळ नाही. घरच्यांनी मुरगळला समजून तेल चोळले होते आणि माणूस चालत होता. दोन्ही पाय जमिनीपासून उचलून १५ मिनिटे बसवले, मग थर्मामीटरने सारख्याच जागा मोजल्या: फरक ३.५ अंश सेल्सिअस. बधिर पायात असे दिसले तर हाडे आतून मोडत आहेत असे धरून चालायचे. याला शार्को पाऊल म्हणतात. त्या क्षणापासून त्या पायावर वजन नाही. उचलून गाडीत बसवले आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले, तिथे प्लास्टर घातले.

आता लाल दोऱ्याच्या घरी रोज तापमान घेतात. फरक २.२ अंशांच्या वर दोन दिवस राहिला तर चालणे कमी करायचे आणि फोन करायचा. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पाय टेकवून मोजले तर तळवा थंड येतो, आकडा फसतो.

गणपतीचा आठवडा

चाकरमानी आले. ज्या घरांत दोघेच म्हातारे आहेत तिथे पाय बघायला डोळे नव्हते, आरसा धरून वाकणे त्यांना जमत नव्हते. या आठवड्यात मुलगे-सुनांना बोटाची तपासणी शिकवली: अंगठा, मधले बोट, करंगळी, दोन्ही पायांची. टोकाला आपल्या तर्जनीने हलके एक-दोन सेकंद टेकवायचे, सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळले नाही तर संवेदना कमी आहे. सामान लागत नाही, दाबायचे नाही, थापटायचे नाही.

वर्षभराची व्यवस्था मात्र शेजाऱ्यांवर लावली. संध्याकाळी दिवा लावल्यावर कोणीतरी पाय बघायचे. बेचके, टाच, तळवा, आणि चप्पल उलटी करून झटकायची. कालवाचे कवच, खडा, एकदा चपलेत गोम निघाली. मुंबईहून आणलेले बंद बूट तीन घरांत परत पाठवले, पुढून निमुळते होते.

१२ ऑक्टोबर

चपलांची तपासणी. २३ जोडांपैकी ६ जोडांत चवड्याखालचे रबर दबून कायमचे बसले आहे, साडेचार महिन्यांत. हे सहाही जण वजनाने जड किंवा जास्त चालणारे. रबराचा वरचा थर वेगळा बदलता येईल अशी तळाची रचना आता कारागिरांनी केली, थर बदलायला १२० रुपये. चार जोडांचे चिकटवण पावसात सुटले. ते चारही जुलैत केलेले. त्या हवेत सोल्युशन नेहमीच्या १० मिनिटांत सुकत नाही, वर शंभर वॉटचा दिवा लावून अर्धा तास थांबावे लागते आणि पृष्ठभाग आधी कानशीने खरवडावा लागतो. पुढच्या वर्षी सगळे जोड मेच्या आत करायचे.

वेल्क्रोत भाताचे तूस आणि वाळू भरते. जुन्या दात घासायच्या ब्रशने ती निघते. प्रत्येक घरी एक ब्रश चपलेच्या पट्ट्याला बांधून ठेवला आहे.